उलटा के: न्यूयॉर्कच्या बार परीक्षेपर्यंतचा माझा प्रवास

जानेवारीत न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, आल्बनीच्या कोर्टात माझी वकिलीची शपथ झाली आणि दुसऱ्या दिवसापासून पुण्याच्या कॉलेजातल्या ज्युनिअर मुलींचे फोन सुरू झाले. एलएलएम कुठे करू, कर्ज किती काढू, बारचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेचा, अर्ज कधी भरू. प्रत्येकीला तेच तेच सांगत होते, तेव्हा एकदाच सगळं लिहून काढते.

मी सांगलीची. पुण्यात पाच वर्षांचा बीए एलएलबी, मग अडीच वर्षं सांगलीच्या जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअरशिप. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका लॉ स्कूलचं एलएलएमसाठी पत्र आलं. एका वर्षाची फी ऐंशी हजार डॉलरच्या आसपास, राहणं-खाणं वेगळं. थोडी स्कॉलरशिप मिळाली, उरलेल्या रकमेसाठी घर तारण ठेवून कर्ज काढलं. व्हिसाचे १८५ डॉलर, सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर ही किरकोळीतली रक्कम, पण तीसुद्धा सुरुवातीला डोळ्यांवर येते.

माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. न्यूयॉर्कची बार परीक्षा बाहेरच्या पदवीधरांना कोणत्या अटींवर देता येते, ते नियम ५२०.६ मध्ये दिलेलं आहे. आपली पदवी इंग्लिश कॉमन लॉच्या परंपरेतली. ती पूर्णवेळ शिकून घेतलेली असेल आणि अभ्यासक्रमाची मुदत व आशय बार परीक्षा घेणाऱ्या मंडळाला पटला, तर भारतातल्या बऱ्याच पदवीधरांना एलएलएमशिवायही परीक्षेला बसता येतं. हे मला कर्ज मंजूर झाल्यावर कळलं. एलएलएमचं वर्ष वाया गेलं असं मी म्हणणार नाही, पण ज्यांना फक्त परीक्षाच द्यायची आहे त्यांनी आधी पदवीच्या मूल्यांकनाचा अर्ज टाकावा, उत्तर हातात येऊ द्यावं आणि मग बँकेची पायरी चढावी. पूर्ण कागदपत्रं पोहोचल्यानंतर उत्तराला सहा महिनेही लागू शकतात.

मी मूल्यांकनाचा ऑनलाइन फॉर्म मे महिन्यात भरला. गुणपत्रकांचं पाकीट विद्यापीठाने सीलबंद करून थेट मंडळाकडे पाठवायचं असतं. दादाने विद्यापीठात चार खेपा घातल्या, पाकीट घेतलं आणि वेळ वाचावा म्हणून स्वतःच कुरियर केलं. ते चाललं नाही. पाठवणारं विद्यापीठच हवं. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा ‘साहेब रजेवर आहेत’. दुसरं पाकीट सप्टेंबरच्या मध्यावर पोहोचलं, तोवर मी न्यूयॉर्कला येऊन महिना झाला होता. पाकिटाच्या तोंडावर आडवा शिक्का आणि सही आहे का, ते तिथल्या खिडकीवरच उभं राहून बघा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या सनदेच्या साक्षांकित प्रती निघण्याआधीच काढून ठेवा, आणि गुड स्टँडिंगचं, म्हणजे सनद चालू आहे आणि तिच्यावर डाग नाही असं, प्रमाणपत्रही. ते पुढे पुन्हा लागतं.

आता वर्गाकडे. इथे प्रोफेसर शिकवत नाहीत, विचारतात. नाव पुकारलं की उभं न राहता, बसूनच, आदल्या रात्री वाचलेल्या खटल्याबद्दल प्रश्नामागून प्रश्न झेलायचे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझं नाव आलं. खटला होता फ्लड विरुद्ध कून, १९७२. सुप्रीम कोर्टाने १९२२ मध्ये निकाल दिला होता की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. जवळपास पन्नास वर्षांनी कर्ट फ्लड हा खेळाडू त्याविरुद्ध लढायला उभा राहिला. कोर्टाने मान्य केलं की बेसबॉलला दिलेली ही सूट विसंगत आहे, आणि तरीही जुना निकाल कायम ठेवला. बदल करायचा तर संसदेने करावा, असं सांगितलं. पूर्वनिर्णयाला कोर्टाने किती चिकटून राहावं, हे शिकवायला हा खटला घेतात.

निकाल मला तोंडपाठ होता. प्रोफेसरांनी विचारलं, "फ्लडची नेमकी तक्रार काय होती? सेंट लुईसने त्याला फिलाडेल्फियाला दिलं म्हणजे काय केलं?" मला सांगता येईना. खेळाडूला ‘दिलं’ म्हणजे काय, तो नाही का म्हणू शकत नाही, ‘रिझर्व्ह क्लॉज’ कशाला म्हणतात, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. दोन मिनिटं शांतता. नंतर प्रश्न शेजारच्या मुलाकडे गेला. त्या रात्री खोलीवर येऊन मी रडले. अडीच वर्षं कोर्टात उभी राहिलेली मुलगी, आणि एका खेळापायी तोंड बंद झालं.

त्याच शनिवारी डी ट्रेन धरून १६१व्या रस्त्यावर उतरले आणि बेसबॉलच्या यांकी स्टेडियमचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. बाहेरच्या मैदानामागचे बाक, छत नाही, ऊन थेट डोक्यावर. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते, मांडीवर जाड पुठ्ठा, त्यावर छापील स्कोअरकार्ड आणि हातात आखूड पेन्सिल. ब्रुकलिनच्या एका कोर्टात कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणायला लागले. लॉची विद्यार्थिनी आहे म्हटल्यावर त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं.

प्रत्येक फलंदाजाच्या नावापुढे नऊ डावांचे नऊ चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक बारका हिरा. मैदानाच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात; खेळाडू पहिल्या बेसवर गेला की हिऱ्याची एक बाजू गडद करायची. क्षेत्ररक्षकांना आकडे असतात: चेंडू टाकणारा पिचर १, फलंदाजामागचा कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसला टाकला आणि फलंदाज बाद झाला, तर ‘६-३’. चूक झाली तर ‘ई’ आणि चूक करणाऱ्याचा आकडा. तीन स्ट्राइक, म्हणजे तीनदा चेंडू हुकून किंवा खेळण्याजोगा चेंडू सोडून, बाद झाला तर ‘के’. त्यातही दोन प्रकार. बॅट फिरवली आणि हुकली तर सरळ के. चेंडू समोरून गेला, बॅट खांद्यावरच राहिली आणि पंचाने स्ट्राइक दिला, तर उलटा के, आरशात दिसावा तसा.

"सरळ के ला मी रागावत नाही," काका म्हणाले. "पोराने प्रयत्न केला. उलटा के मला रात्री आठवत राहतो."

रिझर्व्ह क्लॉजही त्यांनीच समजावला. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा, वर्षानुवर्षं. दुसऱ्या संघाशी बोलायचीही मुभा नाही. आपल्याकडचा सालगडी माझ्या डोळ्यांसमोर आला आणि सगळा खटला एका झटक्यात समजला. सोमवारी मी आपणहून हात वर केला.

तेव्हापासून बेसबॉल मागे लागला तो लागलाच. ३० ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना होता. तिकीट परवडण्यातलं नव्हतं, म्हणून वसतिगृहाच्या कॉमन रूममध्ये बसलो. न्यूयॉर्कचा यांकीज संघ ५-० ने पुढे. पाचव्या डावात मध्यमैदानात ॲरन जजच्या हातून सोपा झेल सुटला, वोल्पीचा थ्रो तिसऱ्या बेसला नीट गेला नाही, मग एका साध्या चेंडूवर पिचर कोल पहिला बेस झाकायला धावलाच नाही. समोरच्या लॉस एंजेलिस डॉजर्सच्या पाच धावा झाल्या, पाचही फुकटच्या. सामना ७-६ असा गेला आणि सिरीजही गेली. मी माझ्या कार्डावर ‘ई’ लिहिले. कोलच्या चुकीला मात्र ‘ई’ देता येत नाही, कारण न धावण्याची नोंद पुस्तकात होत नाही. ते मला फार लागलं.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक सहा दिवसांवर आली होती. न्यूयॉर्कमध्ये वकिलीची सनद हवी तर पन्नास तास विनामूल्य कायदेशीर काम करावं लागतं, नियम ५२०.१६. कॉलेजच्या क्लिनिकमधून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कायदा-मदत केंद्रातून, मला मतदारांच्या निःपक्ष मदतवाहिनीवर काम मिळालं. एक गोष्ट ठळक सांगते: पक्षाच्या प्रचाराचं काम या पन्नास तासांत धरलं जात नाही, नियमातच तसं लिहिलेलं आहे. आमच्यावर देखरेख करणाऱ्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या कोटावरचे बिल्ले काढायला लावले. दुसरं, काम संपल्याबरोबर, त्याच आठवड्यात, प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यावर त्या वकिलांची सही घ्या. प्रत्येक ठिकाणच्या कामाचा नमुना वेगळा. माझ्या मैत्रिणीचे वकील नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेले आणि ती एका सहीसाठी दोन महिने ईमेल करत होती.

५ नोव्हेंबरला पहाटे सहापासून रात्री नऊपर्यंत मतदान. मी दुपारी एकला फोनवर बसले. बहुतेक प्रश्न साधे, केंद्र कुठे, रांगेत असताना नऊ वाजले तर काय. चारच्या सुमाराला एका टॅक्सीचालकाचा फोन आला. इंग्रजी अडखळत होतं, मी हिंदीत बोलले तसा मोकळा झाला. क्वीन्समधून ब्राँक्सला घर बदललेलं, नवीन पत्त्याच्या केंद्रावर यादीत नाव नाही, आणि टेबलावरच्या बाईंनी सांगितलं होतं की जुन्या ठिकाणी जा. टॅक्सी बाहेर चुकीच्या जागी उभी. मी वहीतला नियम वाचून दाखवला: राज्यातल्या राज्यात घर बदललं असेल तर नवीन पत्त्याच्या केंद्रावर ॲफिडेव्हिट मतपत्रिका, म्हणजे यादीत नाव नसताना प्रतिज्ञेवर लिफाफ्यात घालून द्यायची मतपत्रिका, मागायचा हक्क आहे. "मागा, आणि फोन चालू ठेवा," म्हटलं. पलीकडून बराच वेळ नुसती कुजबुज. मग तो म्हणाला, "दे दिया मॅडम, लिफाफे में डालके दिया." माझ्या हाताला घाम सुटला होता.

रात्री कॉमन रूममध्ये कुणी रडत होतं, कुणी खुशीत होतं. पहाटे साडेपाचच्या सुमाराला विस्कॉन्सिन राज्य ट्रम्प यांच्याकडे गेलं आणि ते निवडून आल्याचं जाहीर झालं. इलेक्टोरल कॉलेजमध्ये, म्हणजे राज्यवार मतांच्या हिशेबात, शेवटी ३१२ विरुद्ध २२६. नऊ वाजता माझा पुराव्याच्या कायद्याचा तास होता आणि तो नेहमीसारखा झाला.

दोन आठवड्यांनी आपल्याकडची विधानसभा. मतमोजणी सकाळी आठला, म्हणजे माझ्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. बाबांनी व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवला आणि मी कराराच्या कायद्याची टिपणं काढता काढता कल बघत बसले. महायुती २८८ पैकी २३० वर गेली. बाबा मध्येच म्हणाले, "तुझं एक मत राहिलं बघ यंदा." मी म्हटलं, राहिलं. परदेशात असलेल्या नागरिकाचं नाव यादीत राहू शकतं, पण मत द्यायला आपल्या केंद्रावर स्वतः जावं लागतं. एका महिन्यात दोन निवडणुका पाहिल्या आणि दोन्हीकडे मत नाही. त्या रात्री हे जेवढं बोचलं तेवढं आधी कधी बोचलं नव्हतं.

डिसेंबरच्या परीक्षा, थंडी, बर्फ, एका कुकरवर चौघींचा वरणभात. त्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पदवीच्या मूल्यांकनाचं होकाराचं उत्तर फेब्रुवारीत आलं. मार्चमध्ये एमपीआरई झाली, वकिलीच्या नीतिनियमांची दोन तासांची परीक्षा, साठ प्रश्न. न्यूयॉर्कला ८५ गुण लागतात. हिला हलक्यात घेऊ नका; आपल्याकडची ‘एवढं चालतं’ ही सवय इथे थेट गुण खाते.

त्यानंतर बारचा अर्ज. परदेशी पदवीधरांना शुल्क ७५० डॉलर, इथल्या पदवीधरांना त्यापेक्षा बरंच कमी. वर तयारीचा कोर्स. कॉलेजने निम्मे पैसे दिले. तुमच्याही कॉलेजात विचारा, न विचारता कुणी देत नाही. वर्क परवान्यासाठी ऑनलाइन अर्जाचे ४७० डॉलर.

मेच्या मध्याला पदवीदान झालं आणि तिसऱ्या दिवशी अभ्यासाला बसले. परीक्षा २९ आणि ३० जुलैला. पहिल्या दिवशी लेखी: नव्वद मिनिटांची दोन प्रात्यक्षिकं, ज्यात फाइल हातात देतात आणि अर्ज किंवा टिपण लिहायला सांगतात, आणि अर्ध्या तासाचे सहा निबंध. दुसऱ्या दिवशी दोनशे बहुपर्यायी प्रश्न, सकाळी शंभर, दुपारी शंभर. एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. एकूण ४०० पैकी २६६ हवेत. प्रात्यक्षिकात आपल्या कोर्टाची सवय कामी येते. पक्षकाराने पुढ्यात टाकलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून कामाचं शोधणं आपल्याला येतंच.

बहुपर्यायीत मात्र मी शंभरात पन्नासवर अडकले. दोन आठवडे आकडा हलेना. दिवसाला दहा तास बसत होते, तरी नाही. मग एका रात्री काकांचं स्कोअरकार्ड आठवलं. वहीत चौकोन आखले, सात विषय, रोजचा एक रकाना, आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे के. नियमच माहीत नव्हता तर सरळ के. नियम माहीत होता पण प्रश्नात तो समोर असून दिसला नाही, तर उलटा के.

चार दिवसांनी वही पाहिली तर दोन तृतीयांश उलटे के. मी नियमांची पाठांतरं करत बसले होते आणि रोग भलताच होता. पुराव्याच्या रकान्यात तर ओळीने उलटे. कारणही दिसलं. पोलिसापुढचा कबुलीजबाब आपल्याकडे पुराव्यात येत नाही, हे हाडीमांसी भिनलेलं. इथे मिरांडाची, म्हणजे गप्प राहण्याच्या हक्काची, सूचना देऊन, स्वखुशीने दिलेला असेल तर येतो. नियम मी शिकले होते, पण ‘पोलीस’ शब्द दिसला की डोळे परस्पर ‘अग्राह्य’कडे जात. मी उलट्या केंची वेगळी यादी केली आणि प्रत्येकापुढे लिहिलं की सांगलीच्या कोर्टात याचं उत्तर काय झालं असतं आणि इथे काय. शिवाय प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी पासष्टच्या पुढे गेले. भारतातून येणाऱ्या प्रत्येकीला हे एवढं एक करायला सांगेन.

२४ जूनला शहरात महापौरपदाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, होती, पारा शंभर फॅरनहाइटला टेकलेला. लायब्ररीत जाताना शाळेबाहेरची रांग पाहिली, लोक कागदाने वारा घेत उभे होते. मतपत्रिकेवर पाच जणांपर्यंत पसंतीक्रम लावायचा असतो. ग्रीन कार्ड किंवा कामाचा परवाना असलेल्या रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मत देऊ पाहणारा कायदा राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने मार्चमध्येच रद्द केला होता. मी तो निकाल वाचला होता. दहा मिनिटं सावलीत थांबले आणि आत गेले.

मला परीक्षेचं केंद्र आल्बनीचं मिळालं. २७ तारखेलाच ॲमट्रॅकच्या रेल्वेने गेले, हडसनच्या काठाने अडीच तास; डाव्या बाजूला बसा, नदी दिसते. हॉटेल केंद्र कळल्या दिवशीच बुक करा, रद्द करता येणारं घ्या. इअरप्लग वगैरे काय चालतं त्याची यादी मंडळ देतं, ती अक्षरशः पाळा. पहिल्या दुपारी चौथ्या निबंधाला माझी बोटं थंड पडली, दोन मिनिटं काहीच सुचलं नाही. पाण्याचा घोट घेतला आणि जे येत होतं ते लिहिलं. बॅट खांद्यावर ठेवून परत जायचं नाही, एवढंच मनात होतं.

सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कायद्याची ऑनलाइन परीक्षा, पन्नास प्रश्न, तीस बरोबर लागतात, पुस्तक उघडं ठेवून. आधी त्यासाठीचे व्हिडिओ पूर्ण बघावे लागतात. निकालाची वाट बघणं मात्र परीक्षेपेक्षा जड गेलं. कर्जाचे हप्ते सुरू व्हायचे होते, तात्पुरत्या नोकरीचा पगार भाड्यात जात होता. ऑक्टोबर सरता सरता ईमेल आला. २७१. पाच गुणांनी वाचले. आईला फोन केला तेव्हा ती पहाटेचं दूध तापवत होती, दूध उतू गेलेलं मला ऐकू आलं.

त्यानंतर चारित्र्याची फाइल. आजवरचे पत्ते, नोकऱ्या, ज्यांच्याकडे काम केलं त्या प्रत्येक वकिलाचं प्रतिज्ञापत्र, पन्नास तासांचे नमुने, गुड स्टँडिंग. सांगलीच्या सरांनी नोटरीसमोर सही करून चार दिवसांत पाठवलं. बाहेरून गोष्टी सोप्या दिसतात, पण तारखा जुळत नाहीत. जुन्या भाड्याच्या खोल्यांचे पत्ते आणि महिने आतापासून लिहून ठेवा.

शपथेत अमेरिकेच्या आणि न्यूयॉर्क राज्याच्या राज्यघटनेला पाठिंबा देण्याचं वचन असतं. मी नागरिक नाही, तरी ती घेता येते, कारण १९७३ मध्ये एका डच बाईंनी कनेटिकटविरुद्ध सुप्रीम कोर्टात निकाल मिळवला: नागरिक नाही एवढ्या कारणावरून कुणाला वकिलीपासून दूर ठेवता येणार नाही. हात वर करताना मला त्याच आठवत होत्या.

बाहेर बर्फ पडत होतं. पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला. बाबांनी पहिलंच विचारलं, "मग आता तिथं मत देता येतं का?"

"नाही बाबा. पण केंद्रावरून कुणाला परत पाठवलं तर त्याच्या बाजूने कोर्टात उभं राहता येतं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. इथल्या यादीत तुझं नाव अजून आहे का, ते मी उद्या तहसीलला जाऊन बघून येतो."